चुन्याची रेघ

आमच्या वडसा गावाकडं हिवाळ्यातलं नाटक म्हणजे रात्रभर चालणारं, गाण्यांचं, रडवून हसवणारं. मी मात्र वीस मिनिटांचं लिहिलं. गाणं नाही, पडदा नाही, आणि तेही दिवसाउजेडी, शाळेच्या पटांगणात. नाटक मंडळीतला एक म्हातारा नट म्हणाला, "इतक्या वेळात तं आमची पेटीबी सुरात येत नाई." मला तेव्हा शहाणपणाचा फार माज होता. मी त्याच्याकडं लक्षच दिलं नाही.

नाटक दोन भावांचं. घरातल्या वैरापायी दोघं एकमेकांविरुद्धच्या फौजांत जातात. मध्ये चुन्याची रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना प्रेक्षक. धाकटा जखमी होऊन पाणी मागतो आणि मागत मागत मरतो. रेघ कोणीच ओलांडत नाही. धाकटा मीच झालो होतो.

वैर शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्या दोघांच्या शेतांमधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं झाड होतं. ते कोणाचं, यावरून मोठा भाऊ आणि मी नऊ वर्षं बोललो नव्हतो. शेवटी रागाच्या भरात मी ते तोडलंच. खरं सांगतो, नाटक त्याच्यासाठीच लिहिलं होतं. त्यानं यावं, बघावं, माझ्याशी एक शब्द बोलावा, एवढंच हवं होतं.

तो आला. रेघेपलीकडं, पार मागं, डोक्याला दुपट्टा गुंडाळून बसला.

मी मातीत पडून "भाऊ, पाणी" म्हणू लागलो. हाक पाच वेळा मारायची होती. चौथ्यांदा म्हणालो आणि तो उठला. शाळेच्या माठातून गडू भरला, सरळ रेघ ओलांडून आला आणि माझ्याजवळ उकिडवा बसला.

"घे रे बाबू, पाणी पे. कवाचा मांगून राह्यला."

नऊ वर्षांनी बोलला! आणि मी काय करावं? नाटक मोडू नये म्हणून डोळे मिटले आणि ठरल्यापेक्षा एक हाक आधीच मेलो.

मग डोक्याशी गडू ठेवल्याचा आवाज आला. टाळ्या पडल्या, लोकांना वाटलं, हेही नाटकातलंच. मी उठलो तोवर तो फाटकाबाहेर गेला होता.

लोक अजून म्हणतात, "तुमच्या भावानं का काम केलं जी!" धान कापताना तो धुऱ्याच्या पलीकडं असतो, मी अलीकडं. पाचवी हाक मारायची राहिली आहे. रोज ठरवतो, पण तोंडच उघडत नाही.