शेळ्यांची इटालियन नावं

बारामतीजवळच्या वाईनच्या कारखान्यात हंगामात शेळ्यांसाठी द्राक्षांचा चोथा न्यायला काटेवाडीचे एक तात्या रोज यायचे. मूठभर चोथा आधी हुंगायचे, मगच पोत्यात भरायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

मी वाशिमहून आलेली, आठवीत शाळा सुटलेली. साहेबांनी बजावलं होतं, "इटलीच्या नामांकित वाईनची नावं नि गुण रविवारी चव घ्यायला येणाऱ्या पाहुण्यांना सांगता आले तर काउंटरवर, नाहीतर परत बाटल्या धुवायला." माझी झोपच उडाली. मी कागद घेऊन पुटपुटत होते, ते तात्यांनी पाहिलं.

"कागदावरनं कुठं ध्यानात राहतंय, पोरी? माझ्या शेळ्यांस्नी ठिव ती नावं. गुण सांग."

बारोलो आधी कडक, वर्षं गेली की मवाळ, मी म्हणाले.

"मग ती थोरली काळी. दोन वर्सं अंगाला हात लावू दिला न्हाय तिनं."

प्रोसेकोत बुडबुडे फार.

"ती उड्या मारती ती."

कियांती जराशी आंबट.

"ती तर घरची आमची म्हातारी! जाऊ दे, तांबडीला दे."

रविवारी पाहुण्यांपुढं मी न अडखळता बोलले. सोमवारी तात्यांचे आभार मानले. त्यांनी पोतं खांद्यावर घेतलं.

"बरं झालं. अजून अकरा शेळ्या बिननावाच्या हायत. पुढचं वाच."