नानांच्या चार रेघा

त्या खासगी कॉलेजने माझ्या मुलीला फसवलं, नानांनी नाही. तीन वर्षं मी जळगावात आणि धुळ्यात ज्याला त्याला उलटं सांगत फिरलो, म्हणून आधी हे सरळ लिहून टाकतो. नाना गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका गिऱ्हाइकाशी विहिरीवरच्या मोटारीच्या भावावरून भांडत होतो. "नाना गेले," त्यांच्या पत्नी, अक्का, एवढंच म्हणाल्या. मी फोन ठेवला आणि पुन्हा भाव करायला लागलो... गिऱ्हाईक गेल्यावर लक्षात आलं, त्याने मागितला त्याच भावात मी मोटार देऊन टाकली होती. दुकान काढल्यापासून असं कधी झालं नव्हतं.

नाना यावलच्या आमच्या शाळेत क्लार्क होते. मी दहावीला नापास होऊन दाखला न्यायला गेलो तेव्हा म्हणाले होते, "परत ये. फॉर्म मी भरसू." मी गेलो नाही, मोटारी बांधायला शिकलो. पुढे माझं दुकान झालं, ते निवृत्त होऊन धुळ्याला राहायला गेले. निकाल लागले की त्यांच्या ओट्यावर बारावीची पोरं आणि घाबरलेले बाप बसलेले असायचे. फॉर्म भरून द्यायचे, चहासुद्धा स्वतःचा पाजायचे. फुकट काही देणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही. नानांवरही पूर्ण बसला नव्हता, हे कबूल करतो.

त्यांच्याकडे एक मोठा आलेख कागद होता आणि चार रंगीत पेन्सिली. सरकारी कॉलेजात आपल्या राज्यातला शेवटचा विद्यार्थी किती गुणांवर आत गेला, बाहेरच्या राज्यातला किती गुणांवर. मग खासगी कॉलेजात आपला किती, बाहेरचा किती... अशा चार रेघा, दरवर्षी पुढे वाढवलेल्या. "पहिला कोण आला ते पेपरवाले छापतात," म्हणायचे. "दार किती उघडं शे, ते शेवटला सांगस." सरकारीत बाहेरच्याची रेघ आपल्यापेक्षा वर होती, खासगीत ती पार खाली. मी विचारलं, "हे असं कसं?" तर कागदावर बोट टेकवून, हसून म्हणाले, "शेठ, आठे भाव करता येत नही. आठे फक्त देखानं."

माझी साक्षी दहावीला बुऱ्हाणपूरला, मामाकडे होती. आमच्याकडे रावेरच्या पुढे राज्य बदलतं हे कोणाच्या ध्यानीमनी नसतं. सोयरिकी तिकडे, बाजार तिकडे. पाठवण्याआधी मी नानांना विचारलं होतं, आणि "शाळा चांगली शे," असं ते म्हणाले होते. बारावी तिने जळगावला केली. आयुर्वेदाला अर्ज करताना कळलं, राज्याच्या जागेसाठी, कॉलेज सरकारी असो की खासगी, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हव्यात. म्हणजे सरकारी दारात माझी पोर बाहेरची ठरली, आणि बाहेरच्यांच्या उंच रेघेला तिचे गुण पुरेनात. नानांनी खासगीच्या खालच्या रेघेवर बोट ठेवलं. तिचे गुण त्या रेघेच्या कितीतरी वर होते.

आम्ही तिघं त्या कॉलेजात गेलो. नाव लिहिलं तर हा लेख छापला जाणार नाही, म्हणून लिहीत नाही. खिडकीतल्या माणसाने आधारकार्ड पाहिलं आणि म्हणाला, "पत्ता जळगावचा. तुम्ही इथलेच. ही यादी बाहेरच्यांची." मी म्हटलं, "सरकार म्हणतं बाहेरची, तुम्ही म्हणता इथली. मग पोरीने उभं कुठे राहायचं?" तो म्हणाला, "सातपुड्यावर." मागच्या टेबलावरचे दोघे हसले. मग तोच माणूस खिडकीतून वाकून म्हणाला, "काय नाना, या वर्षीपण आलात?"

तिथेच माझं डोकं फिरलं. हा यांना नावाने ओळखतो कसा? फाटकाबाहेर, पोरीच्या देखत, मी विचारलं, "नाना, तुमचं यांच्याशी काय ठरलेलं आहे?" नोटीस बोर्डावरून उतरवून घेतलेले आकडे त्यांनी खिशात ठेवले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. मी गाडी काढली... त्यांना बसा म्हटलं नाही. ती शेवटची भेट.

तेराव्यानंतर धुळ्याला गेलो. अक्कांनी आलेख समोर ठेवला. साक्षीच्या गुणांचा ठिपका लाल पेन्सिलीने काढलेला, आणि शेजारी नानांच्या अक्षरात: "बुऱ्हाणपूर. माझी चूक. नियम सांगायला हवा होता." खाली त्या कॉलेजला केलेले तीन अर्ज, वर्षाला एक, प्रत्येकावर पोचेचा शिक्का. मी शिक्के खिडकीशी नेऊन उजेडात पाहिले, खरे होते. तिन्ही अर्जांत एकच प्रश्न: या मुलीला बाहेरच्या यादीत का धरलं नाही, आणि तिच्यापेक्षा कमी गुणांचे कोणत्या नियमाने घेतले? उत्तर एकालाही नाही. खिडकीतला माणूस त्यांना ओळखायचा कारण ते दरवर्षी उन्हात उभे राहून यादी उतरवून घ्यायचे, एवढंच. अक्का म्हणाल्या, "तुमच्याआधी कॉलेजचा एक जण भेटून गेला. म्हणे, नानांचे जुने कागद रद्दीत देता का?" रद्दी घ्यायला कॉलेज धुळ्यापर्यंत कधीपासून यायला लागलं?

तो आलेख आता माझ्या दुकानात, गल्ल्यामागच्या भिंतीवर काचेत लावला आहे. साक्षी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "पप्पा, मला ती जागा आता नकोय. पण नानांना तुम्ही जे विचारलंत, ते त्या कॉलेजवाल्यांना विचारा."

म्हणून विचारतो: बाहेरच्यांच्या त्या जागांचं तुमचं कोणाशी काय ठरलेलं आहे? संस्थेच्या अध्यक्षांनी आणि प्राचार्यांनी नानांच्या तिन्ही अर्जांना लेखी उत्तर द्यावं, सहीनिशी. आणायला मी स्वतः येईन, त्याच खिडकीवर. माझं सगळं आयुष्य भाव करण्यात गेलं, पण यात मी एक पैसाही खाली येणार नाही.