तांबोळी गुरुजींचा वर्ग

तांबोळी गुरुजी वर्गात आले की आधी खडू दुसऱ्याच्या हातात द्यायचे. समोर जो कोणी बसला असेल त्याच्या. मग स्वतः त्याच्या जागी पोत्यावर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "काढा कायतरी. चुकलं तर चुकलं, फळा काय रडत न्हाई."

जन्मभर नांगर धरलेली माणसं त्या खडूकडे विंचवाकडे बघावं तशी बघायची. गुरुजी मात्र उठत नसत. शेवटी कोणीतरी धीर करून एक रेघ ओढायचा. "ही काय हाय?" गुरुजी बाकीच्यांना विचारायचे. "वाट." "न्हाई, साप." "बांध हाय त्यो!" एवढ्यावरून वाद जुंपायचा, हसू फुटायचं आणि वर्ग सुरू व्हायचा.

हे सगळं मी शाळेच्या ओसरीवरून, हजेरीपत्रक तपासायचं निमित्त करून बघत असे. मला ते बघवत नसे, आणि बघितल्याशिवाय राहवतही नसे.

संयुक्त महाराष्ट्र होण्याआधीची ती दोन-तीन वर्षं. पौडच्या पुढं, धरणाच्या पाण्याच्या काठावर आमचं गाव. दोन शिक्षकी शाळा. मी मुख्याध्यापक, म्हणून लोक मला 'मोठे गुरुजी' म्हणत, जरी वयानं तांबोळी माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठे होते. ते पौडच्या बाजारपेठेतले. वडिलांचं पानाचं दुकान होतं. सातवी होऊन ते मास्तर झाले होते. मी पुण्यात ट्रेनिंग कॉलेजात पहिला आलेलो. फळ्यावरचं माझं अक्षर बघायला शेजारच्या गावचे शिक्षक येत.

तांबोळी बदलून येण्याआधी गावचा प्रौढवर्ग वर्षभर मीच चालवला होता. गुरं परतल्यावर आणि जेवणाआधी, असा तास-दीड तास. पटावर तीस नावं आणि चटईवर पाच माणसं. त्यातले दोघं बसल्या बसल्या डुलक्या घेत. भागूआत्या नावाची साठीच्या आसपासची एक बाई नेमानं यायची, पण वर्षभरात तिनं पाटीला हात लावला नाही. "माझं डोळं गेल्यात, गुरुजी," एवढंच म्हणायची. मी कंटाळलो आणि तांबोळी आल्याबरोबर तो वर्ग त्यांच्या गळ्यात घातला. या माणसांना शिकण्याची इच्छाच नाही, हे माझं मत ते सिद्ध करून देतील अशी माझी खात्री होती.

महिन्याभरात चटया अपुऱ्या पडू लागल्या.

त्यांचे खेळ विलक्षण असत. एकदा त्यांनी प्रत्येकाच्या छातीवर एकेका अक्षराचा कागद अडकवला. "आता तुमी मानसं न्हाई, अक्षरं. मी शब्द सांगतो, तुमी आपापल्या जागी उभं ऱ्हावा." 'पा' आला नामदेवाच्या वाट्याला आणि 'णी' आला किसनच्या. हे दोघं सख्खे भाऊ. बांधावरून भांडण होऊन तीन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. गुरुजींना हे ठाऊक होतं की नाही, देव जाणे. त्यांनी शब्द सांगितला, "पाणी."

दोघं दोन कोपऱ्यांत उभे. कोणी हलेना.

"अवं, तहानलेला मानूस दारात उभा हाय," गुरुजी म्हणाले. "त्यानं कुटवर थांबायचं?"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. शेवटी नामदेव दोन पावलं सरकला, मग किसन एक पाऊल. असं करत करत खांद्याला खांदा लागला. त्या दिवशी ते बोलले नाहीत. पण पुढल्या आठवड्यात दोघं एकाच वाटेनं, एकाच कंदिलाच्या उजेडात वर्गाला आले.

घरी मी बायकोला हे सांगितलं ते 'शाळेचा तमाशा केलाय नुसता' अशा सुरात. ती पोट धरून हसली. मग म्हणाली, "मग तुम्ही पण घ्या की असा एखादा खेळ." त्या दिवशी जेवताना मी तिच्याशी धड बोललो नाही.

तरी तिचं म्हणणं डोक्यात राहिलं होतं. एकदा तांबोळी बाजाराला पौडला गेले आणि वर्ग माझ्याकडे आला. मी बाहेरून कोणी बघत नाही हे पाहून घेतलं आणि नामदेवाच्या हातात खडू दिला. "काढा काहीतरी," मी म्हणालो. त्यानं अदबीनं खडू कपाळाला लावला आणि परत माझ्या हातात ठेवला. "तुमीच काढा, गुरुजी. तुमचं अक्षर लई झ्याक हाय."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी 'अ' काढला.

त्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी खूप खाली गेलं. काठावर जुन्या गावाची जोती दिसू लागली. धरण बांधलं तेव्हा मूळ गाव पाण्याखाली गेलं होतं आणि लोक वर टेकाडावर येऊन राहिले होते. गावातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकानं लहानपणी ते गाव बघितलेलं, पण त्याबद्दल कोणी बोलत नसे. मी तीन वर्षं तिथं होतो, मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं.

तांबोळींनी विचारलं. एका दुपारी सगळ्या वर्गाला खळ्यावर नेऊन ते म्हणाले, "मी हितला न्हाई. मला तुमचं जुनं गाव दावा."

मी मागच्या गंजीआड उभा राहून बघितलं. आधी कोणी हललं नाही. मग किसननं मूठभर राख घेऊन नदी ओढली. "एवढी वाकडी नव्हती," नामदेव म्हणाला आणि त्यानं पायानं ती सरळ केली. मग सगळेच वाकले. दगडांची घरं झाली, शेणाचा पार झाला, काड्यांची आमराई झाली. विहीर देवळाच्या उजवीकडे की डावीकडे यावरून दोन म्हातारे हमरीतुमरीवर आले. गुरुजी मधे उभे राहून फक्त विचारत होते, "हे कुनाचं घर? मला कसं कळावं? लिवा की." खापराचे तुकडे आणि कोळसा त्यांनी आधीच आणून ठेवला होता. प्रत्येकानं आपल्या घराचं नाव लिहिलं. कोणी बापाचं, कोणी आजाचं. अक्षरं वाकडीतिकडी होती, पण कोणी कोणाला विचारून लिहिलं नाही.

भागूआत्यानं नदीच्या काठाशी एक वेगळं खापर ठेवलं. त्यावर लिहिलं होतं, 'आई'.

"हे घर न्हाई, आत्या," कोणीतरी म्हणालं.

"घर न्हाई. तितं जाळली तिला," ती म्हणाली. "आता पाण्यात हाय."

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. माझेही डोळे भरून यायला हवे होते. पण मी तिथं उभा राहून विचार काय करत होतो? वर्षभर ही बाई माझ्यासमोर बसत होती, आणि हिचे डोळे चांगले होते.

पंधरा दिवसांनी डेप्युटीसाहेब तपासणीला आले. माझ्या घरी चहा घेताना त्यांनी प्रौढवर्गाची चौकशी केली. मी खोटं काहीच बोललो नाही. "गर्दी असते," मी म्हणालो. "फक्त पुस्तक बाजूला राहतं. हल्ली धरणाचा विषय काढतात. लोकांच्या जुन्या जखमा आहेत, साहेब. उगाच भडका नको." साहेबांनी बशी खाली ठेवली आणि वहीत काहीतरी टिपलं. मी आणखी चहा विचारला.

पाऊस सुरू व्हायच्या आत तांबोळींची बदली झाली. ताम्हिणीकडच्या एका वाडीवर, जिथं पावसाळ्यात चार महिने सूर्य दिसत नाही. वर्गाची वही माझ्या हातात देताना ते म्हणाले, "मानसं आता बोलत्यात, गुरुजी. जरा धीर धरा, तुमच्याशी पन बोलतील."

मी 'बरं' म्हणालो.

वर्ग रिकामा राहील असं मला वाटलं होतं. पहिल्याच दिवशी सगळे आले. सव्वीस माणसं. मी थक्क झालो आणि, लाज वाटते सांगायला, क्षणभर सुखावलोही. वर्ग सुटल्यावर भागूआत्या मागं रेंगाळली.

"आमी येनार नव्हतो," ती सरळ म्हणाली. "पर तांबोळी गुरुजी घरोघर फिरून सांगून गेल्यात. मोठ्या गुरुजींचा वर्ग चुकवू नगा म्हनून. माझ्या दारात दोन डाव आले."

ते ऐकल्यावर मला घास गोड लागेना. तीन-चार आठवडे मी कसेबसे काढले आणि आषाढातल्या एका रविवारी ताम्हिणीची वाट धरली. अर्धी वाट गाडीनं, अर्धी पायी. इरलं असूनही मी चिंब झालो होतो. गुरुजी शाळेच्या पडवीत चूल फुंकत बसलेले. त्यांनी मला अंग पुसायला पंचा दिला, चुलीजवळ बसवलं. मी चहाला हात लावायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. साहेब, चहा, 'भडका' हा शब्द, सगळं.

"मला ठावं हाय," ते म्हणाले. "साहेबांनीच सांगितलं की, तुमच्या मोठ्या गुरुजींचं म्हननं असं असं हाय म्हनून."

"केव्हा?"

"बदलीचा कागद दिला तवाच."

म्हणजे वही हातात देताना त्यांना माहीत होतं. दारोदार फिरताना माहीत होतं.

"आणि तरी तुम्ही लोकांना माझ्याकडे पाठवलंत?"

त्यांनी फुंकणी खाली ठेवली आणि माझ्याकडे जरा आश्चर्यानंच बघितलं. "मग काय करायचं, गुरुजी? तुमच्यावर रुसून मानसं अडानी ठेवायची व्हय?"

त्यांनी तांदळाची भाकरी आणि खेकड्याचं कालवण वाढलं, मी जेवलो आणि निघालो.

तांबोळी गुरुजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचे खेळ पुढं मला थोडेफार जमले. नामदेवानं एकदा माझ्या हातून खडू घेऊन बैल काढला, तोही बरा निघाला. त्या खेळांचा हेवा असा हळूहळू निवळला. पण चुलीपुढं बसून ते सहज बोलून गेले ते वाक्य, त्यांच्या जागी मी असतो तर माझ्या तोंडी आलं नसतं. त्याचा हेवा मला आजही वाटतो.