बरोबरीत सोडवलेली कुस्ती आणि धरणापलीकडचा शड्डू

"एका कुस्तीसाठी एवढी गाडी हाणणार?" बायकोनं विचारलं. हाणणार होतो. मोबाईलवर आलेल्या फ्लेक्सवर खंडू पैलवानाचा फोटो सगळ्यात मोठा होता आणि खाली ठळक अक्षरांत 'निकाली कुस्ती' लिहिलं होतं. म्हणजे कुणीतरी चितपट होईपर्यंत सोडवायची नाही.

खंडू येडगावच्या बाजूचा, घरी अजून मेंढरं आहेत. आखाडे भरवणारे त्याच्या फोटोवर गर्दी जमवतात आणि तो वरचढ ठरू लागला की पंच शिट्टी मारतो. बरोबरीत! बाहेरून आणलेला नामी मल्ल हरला, तर पुढच्या जत्रेत त्याचा भाव कसा टिकणार? आम्हा चाहत्यांचं डोकं फिरतं ते इथंच. त्यात खंडूचा गुडघा गेलेला, हा त्याचा शेवटचा हंगाम. या फ्लेक्सवरही त्याच्या जोडीला असाच बाहेरचा मल्ल होता. त्याला एकदा आडवा करायचा, एवढीच खंडूची इच्छा राहिली होती.

नारायणगावला मिसळ चापली आणि आळ्याला मामेभावाकडे, दिगूभाऊकडे, मुक्काम टाकला. संध्याकाळी जरा अंगणात रेंगाळलो तर त्यानं दटावलंच. "आत या, पुण्याचं पावणं! उसात बिबट्या हाय. दिवेलागणीनंतर आमी भायेर न्हाई बसत."

दुसऱ्या दिवशी दिगूभाऊलाही गाडीत घेतलं आणि मंचर, घोडेगाव करत डिंभ्याला पोचलो. रस्ता चांगला आहे, पण एसटीच्या भरवशावर येऊ नका. परतीची गाडी येईलच असं नाही. धरणाजवळ मासळीची थाळी दीडशेला मिळाली, रस्सा झणझणीत. तिथून पुढे पाण्याकाठचं एक गाव. त्याचं नाव सांगत नाही, उगाच वाद नको.

उन्हाळ्यानं पाणी पार मागे हटलेलं. भेगाळलेल्या गाळावर तांबडी माती टाकून आखाडा केला होता. शेजारचे म्हातारे बाबा पाण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "जुनं गाव तितं खाली हाय. तालीम बी." एसटीचा थांबा दाखवावा इतक्या सहज.

खंडूनं मातीला हात लावला, मूठभर माती समोरच्याच्या अंगावर टाकली आणि हात मिळवला. हलगी कडाडली. थोड्याच वेळात त्यानं त्या मल्लाला खाली घेतलं. एक खांदा टेकला. दुसरा टेकणार, तेवढ्यात शिट्टी!

"बरोबरीत सोडवली! वेळेअभावी..." माईक बोलला. ऊन अजून डोंगरावर होतं.

"निकाली लिवलं व्हतं ना राव!" दिगूभाऊ ओरडला. माझ्याही तळपायाची आग मस्तकात गेली.

एरवी अशा वेळी शिव्या होतात, चपला उडतात. इथं दिगूभाऊची ती एकच आरोळी, मग सगळं गप्प. मल्ल गाडीत बसून निघूनही गेला. खंडू हात उंचावून फेरी मारायला गेला नाही, तिथंच मातीत बसला. हलगीवाल्यानं हलगी उलटी ठेवली.

"कार्यक्रम संपला. मंडळी, अंधाराच्या आत घरं गाठा," कमिटीवाल्यानं दोनदा सांगितलं. एक माणूस हलला नाही. शेवटी कमिटीवाले माईक गुंडाळून गेले. डोंगराआड ऊन गेलं, पाणी काळं झालं. एवढा माणूस बसलेला, आणि खोकल्याचा आवाज नाही. मला भीती वाटू लागली.

"भाऊ, बिबट्या?" मी कुजबुजलो.

"येऊ दे. बसंल तो बी."

मग खंडू उठला, पाण्याकडे तोंड केलं आणि मांडीवर शड्डू ठोकला. शड्डू म्हणजे आव्हान. ज्याची तयारी असेल त्यानं पुढं यायचं. आमच्यातलं कुणी उठलं नाही. पाण्यापलीकडून मात्र थाप आली. समोर डोंगर आहे, आवाज फिरणारच. त्यानं पुन्हा ठोकला, पुन्हा थाप आली.

त्यानं दोन्ही हात पाठीमागे धरले. तरी आणखी एक थाप आली.

बाबांनी टोपी काढली. खंडूनं वाकून मूठभर माती उचलली, समोरच्या पैलवानावर टाकतात तशी पाण्याकडे टाकली, आणि लंगडत निघून गेला. त्यानंतरच माणसं उठली.

गाडीत बसल्यावर मी म्हणालो, "प्रतिध्वनी होता."

"तीन व्हते."

"त्यानं तर दोनदाच ठोकला."

"त्येच म्हंतोय," दिगूभाऊ म्हणाला आणि काच वर केली.

घरी येऊन आठवडा झाला. तो आवाज डोक्यातून जात नाही, आणि खरं सांगायचं तर त्या शिट्टीचा रागही जात नाही. काल नवीन फ्लेक्स आला. फोटो पुन्हा खंडूचाच मोठा. जोडीत मात्र त्याचं नाव नाही. कोपऱ्यात बारीक अक्षरांत, 'प्रमुख उपस्थिती'.

"म्हणजे खेळणार नाही?" बायकोनं विचारलं.

"नाही. खुर्चीवर बसवून त्याला दाखवणार."

तेवढ्यात दिगूभाऊचा फोन आला. "येताय ना?"

"आता काय बघायला यायचं, भाऊ?"

"बघायला न्हाई," तो म्हणाला. "बसायला."