दौंडला पाठवायची यादी

मी शिरूरला ड्रिल मास्तर होतो. दौंडच्या मोठ्या कबड्डी संघाला दरवर्षी आमच्याकडच्या कुमार खेळाडूंची क्रमवार यादी लागे. पहिल्याला थेट संघात जागा, पुढच्या तिघांना राखीव म्हणून सराव. त्याखालची नावं कोणी वाचतही नसे. यादी करायचो मी, आणि ती पडताळायला दौंडहून एक म्हातारे चाचा येत, एके काळचे नामांकित पकडवाले. त्यांची रीत अशी की दोघांनी वेगवेगळी यादी करायची आणि दोन्ही एकदम उघडायच्या.

त्या वर्षी याद्या उघडल्या. माझा पहिला त्यांच्याकडे तिसरा होता. त्यांचा पहिला माझ्याकडे चक्क नववा!

"मास्तर, तुम्ही गडी कवा बघितलं?"

"वजनाच्या दिवशी."

"म्हंजी उपाशी बघितलं व्हय?"

चाचांनी नेमकं धरलं होतं. कुमार गटाला वजनाची मर्यादा असे. थोराड गडी दोन दिवस अन्न सोडत, घोंगडी पांघरून पळत आणि अडत्याच्या काट्यावर कसेबसे मर्यादेत बसत. सगळे आयतेच सापडतात म्हणून मी लगेच त्यांना खेळवायचो. नववा त्यांच्यातलाच; त्या दिवशी तो पहिल्याच चढाईत बाद झाला, आणि मी 'दम कमी' असा शेरा मारून मोकळा झालो. माझा पहिला मूळचाच किडकिडीत, तो घरून पोटभर जेवून आला होता. आणि मला तोरा काय, तर आपली नजर चुकत नाही! चाचांनी हेच गडी महिनाभर गावोगाव पाहिले होते.

"यादी तुमची हाय, खाडाखोड तुम्हीच करा," चाचा म्हणाले. "पर लवकर. एसटी सुटंल, आन् संध्याकाळी संघ ठरायचा हाय."

माझ्या पहिल्याला मी आदल्याच दिवशी 'संघात तूच' असं सांगून बसलो होतो. उतावळेपणा, दुसरं काय! घाईघाईने मी दोन नावांची अदलाबदल केली, कागद चाचांच्या हाती दिला आणि सायकल त्या पोराच्या गावी, कारेगावकडे हाणली. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा जुळवलं, दहा वेळा मोडलं.

तो गोठ्यात शेण काढत होता. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

"बराबर हाय, सर," तो म्हणाला. "त्यो माझ्यापरीस चांगलाच खेळतो."

माझा जीव भांड्यात पडला.

"मंग मी आता कितवा?"

मी काय करून बसलो होतो ते मला तेव्हा कळलं. सगळी यादी नव्याने लिहायला नको म्हणून मी त्याला नवव्याच्या रिकाम्या झालेल्या जागी टाकलं होतं. चाचांच्या यादीत तो तिसरा होता हे समोर दिसत होतं, तरीही.

"नववा," मी कसंबसं म्हणालो.

"म्हंजी राखीवातबी न्हाई?"

एसटी सुटून तास होऊन गेला होता. त्याने फावडं उचललं आणि पुन्हा शेण ओढायला लागला.