शेजारच्या सिन्योरांचं लिंबू

साऱ्या हाउन्सलोत, किंबहुना साऱ्या विलायतेत, आमच्या शेजारच्या सिन्योरांइतकी सावकाश मोटार चालवणारा माणूस झाला नाही आणि होणार नाही. त्यांची छोटी लाल गाडी रस्त्याला लागली की मागे बस, बसमागे डिलिव्हरीची व्हॅन आणि व्हॅनमागे एखादा घाईत असलेला पुणेकर सॉफ्टवेअरवाला, अशी वरात निघायची. पायी चाललेल्या बायका त्यांना मागे टाकून जायच्या आणि सिन्योर काच खाली करून, टोपी काढून त्यांना वंदन करायचे. हेच गृहस्थ एके काळी इटलीत रेसिंग ड्रायव्हर होते, कानांवर कातडी टोपी चढवून डोंगरातल्या वळणांवरून असे सुटायचे की बघणाऱ्याच्या हाती नुसती धूळ लागायची, हे सांगितलं तर कुणाला पटत नाही. माझ्या नातीला तर मुळीच पटलं नाही. "आजी, इम्पॉसिबल," ती म्हणाली, "त्याला तर प्रॅम ओव्हरटेक करते." सिन्योरांचं यावरचं उत्तर ठरलेलं होतं. "वेग ही रस्ता बंद करून करायची गोष्ट आहे. उघड्या रस्त्यावर आया उभ्या असतात."

या आयांचं प्रकरण समजायला त्यांची सगळी कारकीर्द ऐकावी लागते. मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की मधूनच ते नाव विसरले तर मी सांगते. वडील खेड्यातले बेकर. पाव गरम असतानाच डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांना पोचला पाहिजे, एवढंच सिन्योरांचं ड्रायव्हिंगचं शिक्षण. त्या पावाच्या व्हॅनला वळणावर बघून शहरातल्या एका गॅरेजवाल्याने त्यांना उचललं आणि पुढच्याच हंगामात पोरगं लाल रेसिंग गाडीत बसलं. मग ती मोठी शर्यत आली, गावोगावच्या रस्त्यांवरून जाणारी. रस्ता नेमका त्यांच्या गावातून जात होता आणि सिन्योर सगळ्यांच्या पुढे होते. चर्चच्या पायऱ्यांपाशी ॲप्रन बांधून आई उभी. सिन्योरांनी कचकन ब्रेक मारला. आईने पुढे येऊन त्यांच्या कॉलरचं वरचं बटण लावलं, छाती उघडी टाकून कशाला हिंडतोस म्हणून झापलं आणि हातात पावाचा तुकडा दिला. तेवढ्यात दोन गाड्या पुढे निघून गेल्या. सिन्योर तिसरे आले. गॅरेजवाल्या मालकाने म्हणे डोक्यावरची हॅट काढून पायाखाली तुडवली. त्यांच्या बैठकीत त्या दिवसाचा फोटो आहे: पहिले दोघे घामाने थबथबलेले, आणि तिसरे सिन्योर, कॉलर गळ्यापर्यंत बंद आणि गालात अजून घास. "आईला न भेटता पुढे गेलो असतो," ते मला म्हणाले होते, "तर संध्याकाळी घरी कुठल्या तोंडाने गेलो असतो, सिन्योरा?" आमचे हे म्हणतात, हा माणूस मूळचा आपल्या मिरजेचाच, पत्ता चुकून इटलीत जन्मला.

त्यानंतर ते काही शर्यती जिंकले, बऱ्याच हरले. मग त्यांचा एक जिवलग मित्र एका वळणावरून परत आला नाही. ती गोष्ट ते सांगत नाहीत. तिथवर आले की कॉफी ठेवायला उठतात, आणि कॉफी घेऊन येतात ते थेट इंग्लंडात येतात, एका इंग्लिश नर्सशी लग्न करतात आणि आमच्या शेजारी राहून गाड्या दुरुस्त करायला लागतात.

रेसिंग सुटलं तरी रेसिंगवाल्यांचे शकुन-अपशकुन सुटले नव्हते. हिरवी गाडी त्यांनी आयुष्यात दुरुस्तीला घेतली नाही. सतरा आकडा अशुभ, म्हणून त्या नंबरच्या घरात जन्मभर पाऊल टाकलं नाही. तिथल्या बाई फाटकाशी येऊन त्यांना ख्रिसमसचा केक देत असत. आणि गाडीत चढायचं ते डाव्या बाजूनेच. आता इंग्लंडात ड्रायव्हर बसतो उजवीकडे. म्हणजे सिन्योर डावं दार उघडायचे, आत शिरायचे, आणि गिअरच्या दांड्यावरून एकेक पाय पलीकडे नेत, कण्हत, इटालियनमध्ये कुणाला तरी शिव्या देत उजवीकडे पोचायचे. नव्वदी ओलांडल्यावरही. शिवाय गाडीतून उतरलं की चारही टायरांवरून बोट फिरवायचं आणि बोट नाकाशी न्यायचं. टायर सगळं सांगतो म्हणे, तुम्ही कुठून आलात, कसे आलात, कुठे घाबरलात. आणि दुसरा कोणी गाडी चालवत असेल तर कधीही डोळे मिटायचे नाहीत. एकदा त्यांना ॲम्ब्युलन्समधून न्यावं लागलं, तेव्हाही सिन्योर स्ट्रेचरवर अर्धवट उठून बसले होते आणि ड्रायव्हरला तिसरा गिअर टाक म्हणून सांगत होते.

मला गाडी शिकवली ती त्यांनीच. मी मिरजेहून नवी नवी आले होते आणि स्वतःबद्दल माझी फार उच्च कल्पना होती. लेडीज सायकलवरून मी अख्खी पेठ हिंडलेली बाई. मोटार म्हणजे काय, दोन चाकं जास्त. गावाकडच्या पत्रांत तर मी एक धडाही न घेता लंडनभर गाडी चालवत होते. ह्यांनी शिकवायचा प्रयत्न केला, पण तिसऱ्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो. तेव्हा कुंपणापलीकडून सिन्योर म्हणाले, नवऱ्याने बायकोला पोहायला आणि गाडी शिकवू नये, दोन्हीत एक जण बुडतो. पहिल्या दिवशी मी साडीवर ह्यांचा ओव्हरकोट घातला, डोळ्यांवर काळा गॉगल चढवला, स्टीअरिंगला नमस्कार केला आणि निघाले. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मी दर वळणाला हॉर्न देत होते. वळणाला, चौकाला, समोरून मांजर आलं तर मांजराला, आणि सिन्योरांनी ब्रेक म्हटलं की हात आधी हॉर्नला. रस्त्यावरच्या एकूण एक खिडक्यांचे पडदे हलले. सिन्योरांनी गाडी थांबवायला सांगितली, खाली उतरले, बॉनेट उघडलं आणि हॉर्नची वायर काढून खिशात घातली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी माझ्याच घरच्या आमटीचं भांडं, वर झाकण न ठेवता, स्वतःच्या पायांत धरून बसायला सुरुवात केली. आमटी सांडली नाही म्हणजे गाडी आली, असा त्यांचा हिशेब. कित्येक आठवडे त्यांच्या पँटींना फोडणीचा वास येत होता. शेवटी परीक्षेचा दिवस आला. परीक्षकाने डॅशबोर्डवर हात आपटला, म्हणजे एकदम थांबायचं. मी थांबले, पण त्याचबरोबर माझा डावा हात आडवा सुटला आणि शेजारच्या त्या सुटाबुटातल्या साहेबाला छातीशी दाबून धरलं, पडू नये म्हणून. साहेब उरलेला वेळ दाराला चिकटून बसला. मी नापास झाले आणि घरी येऊन असं रडले, जणू विलायतेने मला परत पाठवलं होतं. सिन्योर मात्र खूश. "बाकीच्यांनी नुसता ब्रेक दाबला असता," ते म्हणाले. "तुम्ही माणूस वाचवलात." पुढच्या खेपेला मी पास झाले ते डावा हात गिअरपुरता मोकळा करून, एरवी पदरात गुंडाळून ठेवून.

दसऱ्याला ह्यांना गाडीची पूजा करताना सिन्योरांनी प्रथम पाहिलं, तेव्हा ते कुंपण ओलांडून अनवाणी आले. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखालचं लिंबू, सगळं नीट विचारून घेतलं आणि आपलीही गाडी आणली. एकच गोष्ट त्यांना पटेना. चाकाला टेकवून ठेवलेलं लिंबू चिरडण्यात कसली मर्दुमकी? ते तर आमच्या ह्यांनाही जमतं. म्हणून त्यांचं लिंबू ड्राइव्हवेच्या पार टोकाला, फाटकाशी ठेवायचं, आणि सिन्योर गाडी काढून डाव्या पुढच्या चाकाने ते बरोबर मधोमध फोडायचे. दर दसऱ्याला. मग मी त्यांच्या हातावर सोनं ठेवायचे. आपटा इथे कुठून आणायचा. पण पार्कात जिंकोचं एक झाड आहे, त्याचं पान तसंच दोन पाळ्यांचं, आणि ऑक्टोबरात असं पिवळंधमक होतं की आपट्याने लाजावं. "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा," हे एवढं मराठी सिन्योरांना पाठ आहे.

गेल्या वर्षी लायसन्सच्या नूतनीकरणाची वेळ आली आणि मँचेस्टरहून त्यांच्या मुलीचा फोन आला. ती तिथे डॉक्टर आहे. म्हणाली, आंटी, डोळे तपासणाऱ्यांनी आता गाडी नको म्हणून स्पष्ट सांगितलंय, डॅडी ऐकत नाहीत, फाटकाच्या खांबाला घासून आले तर खांब सरकला म्हणतात. माझ्याशी भांडतात, तुमचं ऐकतील. मी विडा उचलला. पहिल्या दिवशी शिरा घेऊन गेले, आणि त्यांच्याच गाडीत बसून एक फेरफटका मारून परत आले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या गुडघ्यांचा विषय काढला, तर म्हणाले, मी गुडघ्यांनी चालवत नाही. तिसऱ्या दिवशी मी धूर्तपणे म्हटलं की वय झालं, मलाच हल्ली नीट दिसत नाही. त्यावर सिन्योर इतके हळहळले की यापुढे मला कुठेही जायचं असेल तर तेच सोडणार, असं ठरवून मोकळे झाले. निघताना दारात मात्र आपणहून म्हणाले, "माणूस गाडीतून उतरला की नुसता बघणारा होतो, सिन्योरा." उचललेला विडा तिथेच ठेवून मी घरी आले.

दसरा आला. मुलगीही मँचेस्टरहून आली होती. पूजा झाली, लिंबू फाटकाशी ठेवलं. सिन्योर डावीकडून चढून उजवीकडे पोचेपर्यंत माझी एक आरती म्हणून झाली. गाडी निघाली, झेंडूची माळ हलली, आणि चाक लिंबाला चांगलं वीतभर बाजूला टाकून पुढे गेलं. लिंबू जागच्या जागी, गोल, पिवळं, सुखरूप. गाडी थांबली. आतून आवाज आला, झालं का? मुलीने ओठ दाताखाली धरला. आमचे हे आकाशात विमान शोधायला लागले. विमानतळ शेजारीच, त्यामुळे हाउन्सलोत ती सोय बारा महिने असते. आणि मी, लाज सोडलेली म्हातारी, साडी जरा वर उचलली आणि स्नीकर्सच्या टाचेने लिंबू चांगलं चिरडलं.

"झालं की," मी म्हटलं.

गिअरवरून परत डावीकडे येऊन उतरायला त्यांना वेळ लागला. त्यांनी लिंबाकडे पाहिलं. सवयीप्रमाणे वाकले, डाव्या टायरवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं. मग माझ्या पायांकडे बघत राहिले.

"टायरला वास नाही, सिन्योरा. तुमच्या बुटाला आहे."

मी साडी खाली सोडून बूट झाकले.

"मला दिसलंच नाही," सिन्योर म्हणाले. "अंदाजाने गेलो." पुन्हा खाली बघून म्हणाले, "लिंबू होतं म्हणून ठीक. आई असती तर?"

मुलगी पुढे होऊन त्यांचा हात धरायला गेली, तर म्हणाले, आधी चहा. चहा झाला. मी नेहमीसारखं त्यांच्या हातावर जिंकोचं पान ठेवलं. त्यांनी ते वरच्या खिशात घातलं, दुसऱ्या खिशातून गाडीच्या किल्ल्या काढल्या आणि माझ्या तळहातावर ठेवून माझी बोटं मिटवली. "सोनं घ्या," म्हणाले. पुढचं अर्धं वाक्य म्हणालेच नाहीत.

तेव्हापासून ती लाल गाडी मी चालवते. हे मागे बसतात आणि तोंड बंद ठेवतात. सिन्योर डावीकडून चढतात आणि डावीकडेच बसतात; इतक्या वर्षांनी इंग्लंडने त्यांची सोय केली. पहिले कित्येक दिवस त्यांचा पाय जमिनीवर ब्रेक दाबत होता. क्लच जरा जोरात सुटला की न बघता म्हणायचे, "आमटी सांडली."

परवा त्यांच्या नेहमीच्या इटालियन दुकानातून कॉफी घेऊन येत होतो. सिग्नलपाशी माझ्याकडून गाडीला चांगला हिसका बसला. मी आमटीची वाट बघत राहिले. शेजारून आवाज नाही. पाहिलं तर टोपी नाकावर आलेली, मान काचेला टेकलेली, आणि सिन्योर गाढ झोपलेले. कॉलरचं वरचं बटण उघडं होतं. लावावंसं वाटलं, पण जाग येईल म्हणून हीटर थोडा वाढवला. सिग्नल हिरवा झाला. मागच्या व्हॅनने हॉर्न दिला, तिच्या मागच्यानेही दिला. मी घराचं वळण सोडून दिलं आणि राउंडअबाउटला आणखी एक फेरी घातली, पायांत भांडं ठेवल्यासारखी, सावकाश.