बावीस इंचांची झालर

पलंगाला झालर लावतात हे मला वयाच्या पासष्टाव्या वर्षी कळलं. लग्नात मांडवाला लावतात, गणपतीत मखराला लावतात, इथपर्यंत माझं ज्ञान होतं. पलंगाला कशाला? त्याला कोण बघायला येणार आहे?

"ताई येणार आहेत," बायको म्हणाली.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, बिनलग्नाची, महापालिकेच्या शाळेतून बाई म्हणून निवृत्त झालेली. परळच्या चाळीत आमची जी जुनी खोली आहे तिथे ती अजून एकटी राहत होती. आता चाळ पाडून टॉवर होणार होता आणि खोल्या रिकाम्या करायची तारीख ठरली होती. बाकीची बिऱ्हाडं कुठल्याशा लांबच्या संक्रमण शिबिरात जाणार होती, आणि ताईही तिथेच जायचं म्हणत होती. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आणि ही बाई अनोळखी इमारतीच्या चौथ्या मजल्यावर एकटी राहणार! आमच्याकडे मुलुंडला ये, म्हणून मी हात जोडले, चिडलो, पुन्हा हात जोडले. शेवटी फोनवर म्हणाली, "आठ दिवस येते. बघते."

"ट्रंक घेऊन ये," मी म्हटलं.

"आठ दिवसांना ट्रंक कशाला? पिशवी पुरे."

तिथेच माझं तोंड उतरलं. ताईची काळी पत्र्याची ट्रंक जिथे, तिथे ताई, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पिशवी म्हणजे पाहुणी. मला ती कायमची राहायला हवी होती. आईबाबांची आजारपणं तिने काढली आणि मी मुलुंडला संसार थाटून सणासुदीला पेढे घेऊन जात राहिलो. ही बोच जुनी आहे. ती थोडी कमी व्हावी, हा स्वार्थही त्यात होताच. नाही कशाला म्हणू?

तर झालर. ताईला द्यायची होती ती आमच्या मुलीची खोली. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली. आमच्या सोसायटीत ज्याच्या त्याच्या घरी बॉक्सचा पलंग आहे, पण हिने हट्टाने चार पायांचा आणला होता. खालून हवा खेळली पाहिजे म्हणे. ती सासरी गेली आणि हवेच्या जागी बॅगा, इस्त्रीचं टेबल, मखराचे तुकडे आणि आम्ही कधीच फेकले गेलेत असं समजत होतो ते मिक्सरचे दोन खोके येऊन बसले.

"ताईंनी हा पसारा बघितला तर एक शब्द बोलणार नाहीत," बायको म्हणाली. "नुसत्या बघतील. ते मला सहन होणार नाही. झालर आणा."

"त्यापेक्षा पसारा काढू."

"आणि ठेवू कुठे, तुमच्या डोक्यावर? अहो, बहीण तुमची आहे. आयुष्यात एक गोष्ट तरी तुम्ही निवडा."

मी स्टेशनजवळच्या पडदे-चादरींच्या दुकानात गेलो. दुकानदार गुजराती, माझ्याच वयाचा, मराठी अस्खलित. पण गिऱ्हाईक गोंधळलेलं दिसलं की हिंदीत शिरायचा. "बेडची फ्रिल ना? बसा काका. चुणीची हवी की बॉक्स प्लीट? तिन्ही बाजूंनी की चारही? गादीखाली जाणारी की वेल्क्रोवाली?" मी म्हटलं, खालचं दिसू नये अशी. तो म्हणाला, सगळ्यांचं कामच ते आहे.

मग त्याने कापडं काढली. पांढरं काढलं, तर मला इस्पितळ आठवलं. गुलाबीत ताईला ठेवणं म्हणजे तिचा अपमान. साईच्या रंगाचं बरं वाटलं, पण शेजारी बदामी ठेवल्यावर साईचं मळकट दिसायला लागलं आणि बदामी उचलल्यावर पुन्हा बरं दिसायला लागलं. तासभर मी हे उचल-ठेव करत होतो. चौतीस वर्षं विम्याच्या कचेरीत लोकांच्या आयुष्याचे दावे मंजूर केले, आणि इथे दीड वार कापडापुढे माझी मती गुंग झाली. बायकोला फोटो पाठवले. सगळ्यांना उभा अंगठा आला. म्हणजे सगळे पसंत, की तुमचं तुम्ही निस्तरा? मुलीला फोन केला.

"बाबा, रूमची थीम काय आहे?"

"तुझी आत्या," मी म्हटलं. ती बराच वेळ हसत होती, मदत काही केली नाही.

शेवटी कंटाळून बदामीवर बोट ठेवलं. तेवढ्यात मागच्या मशीनवरून म्हातारे शिंपी गळ्यात टेप अडकवून पुढे आले. "ड्रॉप कितना?" मला कळेना. "म्हणजे पलंगाच्या कडेपासून जमीन किती?" दुकानदाराने उलगडून सांगितलं. टेप घरी, पलंगाची मापं लिहिलेला कागद घरी. लांबी-रुंदी तोंडपाठ होती, उंची मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं.

"एवढी," मी म्हणालो आणि हात खाली नेला. हात आपसूक एका जागी थांबला, गुडघ्याच्या वर चार बोटं. शिंप्यांनी टेप लावली. "बावीस. पक्का?"

"पक्का," मी इतक्या ठामपणे म्हणालो की माझं मलाच नवल वाटलं. त्या सबंध दिवसात तेवढ्या एकाच गोष्टीची मला खात्री होती.

शनिवारी संध्याकाळी झालर लावली आणि सहा इंच कापड फरशीवर लोळायला लागलं. बायको कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "परकर सैल झाल्यासारखा दिसतोय पलंग," ती म्हणाली. मी टेप आणली. पलंग भरला सोळा. मग बावीस आले कुठून? पुन्हा मोजलं, दुसऱ्या बाजूने मोजलं, तरी सोळाच. दुकान बंद झालेलं. ताई सकाळी यायची. बायकोने सेफ्टी पिना लावून कापड आत दुमडलं आणि आम्ही देवाचं नाव घेतलं.

रविवारी ताई टॅक्सीतून उतरली. हातात एकच पिशवी, तीही अर्धी रिकामी. तिने घर पाहिलं, खिडक्या पाहिल्या, "उजेड चांगला आहे," म्हणाली. मला हुरूप आला. मग ती खोलीत गेली, पलंगापाशी थांबली आणि झालरीवरून हात फिरवला. तिच्या बोटाला पिन लागली. शिक्षिकेची नजर ती. तिने एकेक करून सगळ्या पिना काढल्या. कापड सुटून फरशीवर पडलं.

"किती इंची आहे रे ही?"

"बावीस."

"आणि पलंग?"

"सोळा."

"मग हे बावीस कुठून आणलेस?"

मी दुकानात दाखवला होता तसा हात करून दाखवला. गुडघ्याच्या वर चार बोटं. ताईने त्या हाताकडे पाहिलं आणि ती बाल्कनीत जाऊन बसली. माझा हात अजून तसाच अधांतरी होता, आणि तेव्हा मला ते बावीस कुठून आले ते कळलं.

परळच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही सात माणसं राहायचो. एकच लोखंडी कॉट होती आणि तिच्या प्रत्येक पायाखाली दोन-दोन विटा. कॉट उंच झाली की खाली आणखी एक माणूस झोपतं. चाळीत घरोघरी हीच रीत. वर बाबा झोपायचे, गिरणीत रात्रपाळी असली की दिवसा. खाली ताई. कॉटच्या कडेला सुतळी बांधून आईने तिच्यावर जुनं लुगडं सोडलं होतं. त्या लुगड्याआड ताईची चटई, तिची पुस्तकं आणि ती ट्रंक. लुगडं उचलण्याआधी कड धरून "येऊ का?" असं विचारायचं, हा ताईचा नियम होता आणि तो आईलाही लागू होता. मी दिवसातून दहादा विचारायचो, आतून नऊदा "नको" यायचं. ताई तिथेच मॅट्रिक झाली, तिथेच अभ्यास करून बाई झाली. मी लग्न करून मुलुंडला आलो तेव्हाही तिचं अंथरूण कॉटखालीच होतं. मला तेव्हा त्याचं काहीसुद्धा वाटलं नव्हतं. माझी जागा वर होती ना, बाबांच्या पायथ्याशी.

आणि आता मी काय केलं? बहिणीला मानाने घरी बोलावलं आणि तिच्यासाठी नेमकं तेच लुगडं, त्याच मापाचं, शिवून आणलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाल्कनीत ताईचा चहा गार झाला. स्वयंपाकघरात आमची कुजबुज सुरू झाली. "जाऊन बोला ना काहीतरी," बायको म्हणाली. काय बोलू? चुकलं म्हणू? पण तिच्या मनात ते नसलं, तर मीच आठवण करून दिल्यासारखं होईल. गप्प बसू? तर मी कोडगा ठरेन. तासभर मी बाल्कनीच्या दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. शेवटी ती आंघोळीला गेल्यावर मी झालर काढली, कशीबशी घडी केली आणि कपाटात कोंबली. पसारा उघडा पडला. बायकोने कपाळाला हात लावला.

जेवणात ताई फारशी बोलली नाही. सोलकढी मात्र दोनदा घेतली. मी त्याचा अर्थ लावत बसलो. जेवण झाल्यावर ती आडवी व्हायला खोलीत गेली आणि लगेच हाक आली.

"झालर खंय गेली?"

आईची मालवणी ताईच्या तोंडी येते ती रागावली की, नाहीतर गहिवरली की. यातलं कुठलं, ते मला आयुष्यभरात कधी ओळखता आलेलं नाही.

"काढली," मी दारातून म्हणालो. "तुला वाईट वाटलं ना. माझ्या लक्षातच आलं नाही गं ताई. वर्षानुवर्षं तुला त्या कॉटखाली... आणि मी पुन्हा तेच..."

"माका वायट कशाक वाटात?" ती पलंगावर बसली. "अरे वेड्या, सात माणसांच्या त्या खोलीत दार एकट्या मलाच होतं. बाबांनासुद्धा नव्हतं."

मी दारातून आत आलो.

"आई रडायची कुठे, ठाऊक आहे तुला? नाहीच ठाऊक. संप लांबला तेव्हा, बाबा घरी बसले तेव्हा. बाहेर गॅलरीत शेजारीपाजारी, आत तुम्ही सगळे. लुगड्याची कड धरायची आणि विचारायची, येऊ का गं? मी सरकून जागा द्यायची." ताईने चष्मा काढून पदराने पुसला. "सकाळी ते कापड फरशीवर पडलं ना, तेव्हा वाटलं, आता आई विचारेल. म्हणून जरा बाहेर जाऊन बसले."

मी कपाटातून झालर काढली. दुसरं काय करावं ते सुचेना. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीची शरम वाटून घ्यायला विसरलो होतो, तिची आज कुठे शरम वाटायला लागली होती, आणि ती म्हणत होती की शरमेचं त्यात काही नव्हतंच. मग मी चुकलो होतो की नाही? विचारायची सोय नव्हती.

"उद्या दुकानात नेतो," मी म्हटलं. "सोळाची करून आणतो."

"छाटतोस कशाला चांगलं कापड? पलंग वर घे. दोन-दोन विटा लाव."

"विटा?" बायको मागून म्हणाली. "ताई, फ्लॅटमध्ये? व्हिट्रिफाइड टाइल्सवर?"

"मग काय करणार?" ताई म्हणाली. "सोळा इंचांत माझी ट्रंक जायची नाही. वीस इंची आहे ती."

आपण जे ऐकलं तेच ती म्हणाली का, याची मला खात्री वाटेना. आणि पुन्हा विचारलं तर मागे घेईल, अशी भीती. बायकोने मला कोपराने ढोसलं आणि म्हणाली, "विटा कुठे मिळतात हो?"

मुलुंडमध्ये विटांना काय तोटा! दर दुसऱ्या गल्लीत काहीतरी पाडून काहीतरी बांधत असतात. शेजारच्या इमारतीच्या मुकादमाकडून आठ विटा आणल्या. बायकोने फरशीला चरे पडू नयेत म्हणून प्रत्येक वीट जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळली आणि मिक्सरचे खोके, मखर, सगळा पसारा मुकाट्याने माळ्यावर चढवला. म्हणजे तो आधीही चढवता आला असता. मी हे बोलून दाखवलं नाही.

बुधवारी टेम्पोतून ट्रंक आली. मी गुडघ्यांवर बसून ती आत सरकवली. वर जेमतेम दोन बोटं जागा राहिली. झालर सोडली, ती फरशीला बरोब्बर टेकली. तेवढ्यात ताईचा फोन वाजला. चाळीतल्या शेजारीणबाई होत्या, शिबिरातल्या खोल्यांच्या यादीवर सही करायला ताई कधी येते, म्हणून विचारत होत्या.

"त्या यादीतून माझं नाव काढायला सांगा," ताई म्हणाली. "नाही हो, तब्येत बरी आहे. ट्रंक इकडे आलीय माझी."

माझे डोळे भरून आले. ते दिसू नयेत म्हणून, वीट नीट बसलीय का बघतो, असं पुटपुटत मी खाली वाकलो आणि झालरीची कड धरली. धरली आणि थांबलो.

"येऊ का?"

"नको," ताई वरून म्हणाली. "जा, चहा टाक."

मी उठलो आणि चहा टाकला.